पुसलेली जागा

नवऱ्याचा आवाज चोरीला गेलाय, असं त्या बाई म्हणाल्या तेव्हा मदतनिसाला वाटलं, दुःखानं बोलताहेत. तपासनीस बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली.

माहिती साठवण्याच्या एका यंत्राचं पेटंट नवऱ्याच्या नावावर होतं. एका कंपनीनं तेच तंत्र उचललं. नवरा खटला हरला तो पेटंटमधल्या ‘पुसलेली जागा’ या शब्दांवर. न्यायाधीशांनी अर्थ लावला, माहिती नष्ट झालेली जागा. कंपनीचं यंत्र माहिती नष्ट करत नव्हतं, नुसता तिचा पत्ता विसरत होतं. म्हणून कंपनी सुटली. अपील उभं राहण्याआधीच नवरा गेला. त्या शब्दांचा खरा अर्थ त्यानं स्वतःच्या आवाजात एका डिस्कवर सांगून ठेवला होता. आता डिस्क कोरी निघाली.

"रोज लावायचे मी," बाई म्हणाल्या. "घरात दुसरं बोलणारं कोण आहे?"

दिरानं लगेच कबूल केलं. वहिनी त्या आवाजापायी माणसांत येईनात, म्हणून त्यानं डिलीट दाबलं होतं. मग घाबरून फक्त दादाच्या भागीदाराला सांगितलं. हा भागीदार खटल्यात कंपनीचा साक्षीदार होता; पुसलं की माहिती नष्ट, अशी साक्ष त्यानं दिली होती. दिरानं सांगितल्यावर तो एकदा घरी येऊन गेलेल्या मित्राच्या खोलीत बसला होता. डिस्कला हात लावला नाही, म्हणाला.

मदतनिसाच्या लेखी प्रकरण मिटलं. दुरुस्तीवाल्याकडून निरोप आला, डिस्कभर नुसती शून्यं आहेत. तरी मदतनिसाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तपासनीस बाईंनी सगळ्यांना बाईंच्या घरी बसवलं.

"डिलीटनं फक्त पत्ता जातो. आवाज परत काढता आला असता. त्यावर शून्यं कुणीतरी मुद्दाम लिहिली. दिरांच्या मते आवाज गेलाच होता, ते पुन्हा कशाला हात लावतील? पुसल्यावरही माहिती उरते हे जाणणारा, आणि पुसलंय हे कळलेला, असा एकच माणूस आहे." त्या भागीदाराकडे वळल्या. "कोर्टात म्हणालात, पुसलं की नष्ट. मग नष्ट झालेल्यावर शून्यं कशाला लिहिलीत?"

 भागीदार म्हणाला, कंपनीनं नोकरी देऊ केली होती. साक्ष खोटी होती, तसं लिहून देतो. अपिलात ते चालेल का, हे बाईंच्या वकिलालाही सांगता येईना.

घरच्या बाईंनी वेगळंच विचारलं. "आधी आवाज काढून ऐकलात?"

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"शेवटचा भाग मी कधी ऐकलाच नाही. ऐकला की संपलं असतं. काय होतं?"

"बंद करायला विसरला तो, वहिनी. चष्मा कुठं ठेवलास, म्हणून तुम्हाला हाका मारतोय. तुमचं उत्तर ऐकू येत नाही."



"कपाळावर," बाई हळूच म्हणाल्या. "कपाळावरच असायचा."