दुसरी ओळ कुणाची

टेप पुण्याच्या संग्रहाला पाठवायची तर सोबत सगळी माहिती हवी: कोण गायलं, कुठं, काय काम करता करता, खोलीत आणखी कोण होतं. पन्नास वर्षांनी कुणी परका माणूस ती ऐकेल, तेव्हा त्याला विचारायला आपण नसू. बोलीभाषांच्या आमच्या कामात हे मी इतक्यांदा बजावायची, की खाजाभाई माझं वाक्य माझ्याआधी पुरं करायचे. ते आमचे रेकॉर्डिंगवाले, वयानं वडिलांएवढे. मी तापट, ते थंड. सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या एका खोलीत आमचं छान जमायचं.

पंच्याहत्तरच्या उन्हाळ्यात आम्ही कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीला अक्कम्माकडे गेलो. जात्यावर तुरी भरडत ती अर्धी मराठी, अर्धी कानडी गाणी म्हणायची. तिचा मुलगा गुरप्पा बाजारात गेला होता, घरात आम्ही तिघंच. म्हातारीनं आधी मला भाकरी वाढली, 'जगदेवी, लई वाळलीस गं' म्हणून रागावली, आणि मगच गायला बसली. मला ती फार आवडली. स्वतःला ती नेहमी 'आमी' म्हणायची. आमी जेवलो, आमी गातो. 'या भागात आमी म्हणजे मी' अशी टीप मी लिहून टाकली आणि स्वतःवरच खूश झाले.

सोलापूरला येऊन टेप लावली. थोड्या वेळानं खाजाभाईंनी ती थांबवली.

"बाई, ये दुसरी कौन?"

पहिली ओळ अक्कम्माची होती. दुसरी ओळ दुसरीच बाई म्हणत होती, बारीक, किंचित नाकातल्या आवाजात. प्रतिध्वनी असेल, मी म्हटलं. खाजाभाईंनी टेप मागं घेऊन पुन्हा ऐकवलं. प्रतिध्वनी वेगळे शब्द म्हणत नाही, हे मलाही कळत होतं.

बिननावाचा आवाज असलेली टेप संग्रहात घेत नसत. ती पुसून पुन्हा वापरायची, कोऱ्या टेपांची तेव्हा मारामारच होती. अक्कम्माची ही एकच टेप. शिवाय म्हातारी अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला होता, आणि आईचा आवाज तेवढा ठेवा, असं गुरप्पानं त्या निरोपातच विनवलं होतं. पुसायच्या कल्पनेनंच माझा जीव तुटला. दुसऱ्या बाईचं नाव विचारायला आम्ही परत दुधनी गाठली.

अक्कम्मा पडल्या पडल्या हसली. "चंद्रव्वा की. आमची थोरली जाऊ. एकटीनं जातं ओढतंय का कोन?"

त्या कुठं असतात, मी विचारलं. गुरप्पा खाली बघत म्हणाला, की तो पाळण्यात असतानाच चंद्रव्वा वारली.

अक्कम्मानं माझा हात धरला. "तुला पयल्यापासनं 'आमी' म्हनतोय की, पोरी."

मी ती टीप खोडली. माझा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही म्हणते. पण नाव मिळालं होतं, आणि टेप वाचणार होती.

त्याच आठवड्यात अक्कम्मा गेली. मी खोलीत बसून पोटभर रडले. खाजाभाईंनी चहा आणून ठेवला आणि मशीनची धूळ पुसत बसले. मग आम्ही कामाला लागलो. टेपेच्या सुरुवातीला माहिती बोलून ठेवायची रीत होती, आणि आधीच्या माहितीत एकच गायिका होती. ती नव्यानं बोलायची ठरली.

दुपार होती. बाहेर विणकरांच्या मागांचा खटखटाट, म्हणून खिडकी लावून घेतली. प्रत्येक नाव नीट ऐकू यावं म्हणून मी मध्ये जरा थांबत सावकाश बोलले. बोलताना खोलीत माझ्याशिवाय कुणाचा आवाज नव्हता.

तपासायला टेप मागं घेतली.

"गाणारी, अक्कम्मा," माझा आवाज.

मग हळूच, "व्हय."

खाजाभाईंचं बोट बटणावर होतं. त्यांनी ते दाबलं नाही.

"दुसरी गाणारी, चंद्रव्वा."

"व्हय." बारीक, नाकातला.

"ध्वनिमुद्रण, खाजाभाई."

इथं नुसती टेपेची खरखर.

"माहिती सांगणारी, जगदेवी."

आणि दोघींनी मिळून, अगदी मायेनं, "व्हय. आमचीच की."