भिंतीवर काचा लावणारा शेजारी

त्या गुरुवारी संध्याकाळी आई औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर पेन्सिलीने एक घर काढत होती, आणि त्या न घेतलेल्या घरातल्या खोल्यांवरून भांडण जुंपलं होतं.

"गच्चीवरची खोली माझी!" धाकटा ओरडला.

"तुला रात्री एकट्याला पाणी प्यायला जायची भीती वाटते, आणि म्हणे गच्चीवर!" त्याची ताई म्हणाली.

"बाजारात तुरी आणि घरात मारामारी!" बाबा हसले. "अरे, आधी घर तर मिळू दे!"

"मिळवायचंच. वर्षभरात," आई म्हणाली. "द्या शब्द!"

बाबांनी पुठ्ठ्यावर हात ठेवून शब्द दिला. आईने पेन्सिल कानामागे खोचली आणि ती कुकरच्या शिट्ट्या मोजायला उठली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, औषधांच्या दुकानात काम करता करताच ती गेली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

त्याला आता अकरा महिने झाले होते. मोठी सुट्टी लागली होती आणि बाबांनी घर पसंत केलं होतं.

"सगळं कसं मनासारखं आहे!" एजंटकाका अत्तर लावलेल्या रुमालाने कपाळ पुसत म्हणाले. "तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर खोली. फक्त एकच आहे..."

"काय?" ताईने लगेच विचारलं. तिला घरीदारी सगळे 'शंका' म्हणत, ते काही उगाच नाही. धाकट्याचं नाव पडलं होतं 'शेपूट', कारण ती जाईल तिथे तो मागे. आणि सुट्टीला राहायला आलेला मावसभाऊ म्हणजे 'पाल्हाळ'. त्याला किती वाजले असं विचारलं, तर तो घड्याळाच्या शोधापासून सुरुवात करायचा.

"शेजारी," एजंटकाका आवाज खाली आणून म्हणाले. "दोन घरांची मधली भिंत एकच आहे ना. पलीकडे एक म्हातारा राहतो. आता तुम्हीच ऐका."

त्यांनी मोरीतला नळ सोडला. दोनच क्षण, आणि भिंतीपलीकडून आवाज फुटला, "पाणी बंद करा! अक्कल गहाण टाकलीय का रे?"

"पाहिलंत?" एजंटकाकांनी नळ बंद केला. "भिंतीला काचा चिकटवतो. वर तारखा लिहितो! तीन गिऱ्हाइकं पळवली त्याने."

"आपण नीट वागलो की माणूसही नीट वागतो," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी सह्या करू."

"काका," शंका म्हणाली, "सगळं घर रिकामं आहे, मग हे एवढं मोठं कपाट इथेच का?"

"जड आहे. मालकांना नेता आलं नाही."

"मग ते मधल्या भिंतीला इतकं चिकटवून..."

"बाळ, तू मोठेपणी वकील हो हं!" एजंटकाकांनी किल्ली तिच्या हातात ठेवली. "त्याआधी एक काम कर. बंद घराला वास येतो. रोज सकाळी येऊन खिडक्या उघडायच्या. सगळ्यांना लिंबाच्या गोळ्या! मात्र दोन गोष्टी करायच्या नाहीत. कपाटाला हात लावायचा नाही, आणि म्हाताऱ्याशी बोलायचं नाही!"

आता कोणत्याही मुलांना नेमक्या या दोन गोष्टी करू नका असं सांगितलं, तर ती मुलं दुसरं काय करणार?

सोमवारी सकाळी तिघं खिडक्या उघडून थेट मागच्या कुंपणावर चढली. पलीकडच्या पडवीत, मधल्या भिंतीवर, बोटाएवढ्या रुंद काचेच्या पट्ट्या ओळीने लावलेल्या होत्या. प्रत्येकीखाली तारीख होती. दोन पट्ट्या मधोमध तडकलेल्या.

"कळलं!" पाल्हाळ कुजबुजला. "एकेक काच म्हणजे पळवलेलं एकेक गिऱ्हाईक. तडकलेल्या म्हणजे... म्हणजे त्यांचं पुढे काय झालं, कोणालाच माहीत नाही! पूर्वीच्या काळी एक सरदार..."

"पूर्वीच्या काळच्या सरदारा, माझ्या झाडावरून पाय काढ!"

खाली एक काटकुळे आजोबा हातात थापी घेऊन उभे होते. शेपूट दचकून शंकाच्या अंगावर, शंका पाल्हाळच्या अंगावर, आणि तिघंही धपकन आजोबांच्या अंगणात!

"लागलं का?" आजोबांनी दरडावून विचारलं. लागलं का हेसुद्धा कोणी दरडावून विचारतं, हे मुलांना त्या दिवशीच कळलं.

"नाही," शंका उठत म्हणाली. "आजोबा, तुम्ही भिंतीला काचा का लावता?"

आजोबा तिच्याकडे बघतच राहिले. "तीन कुटुंबं येऊन गेली. हे विचारणारी तू पहिली." त्यांनी तिला भिंतीजवळ नेलं. "मी पंचेचाळीस वर्षं गवंडीकाम केलं. ही चीर बघ. भिंतीला चीर पडली म्हणून घाबरायचं नसतं. ती जागी आहे की झोपलीय, एवढं बघायचं. झोपलेली असेल तर बुजवावी आणि विसरून जावं. पण वाढणारी असेल..."

"तर काच तडकते!" शंका ओरडली.

"केसभर हलली तरी तडकते. बारीक काच, दोन्ही टोकांना प्लॅस्टर, खाली तारीख. तुमच्या बाजूच्या मोरीखाली सांडपाण्याचा पाइप फुटलाय. पाणी सोडलं की ते पायाखाली मुरतं, माती सैल होते आणि भिंत खचते. भिंत माझीही आहे, बाबांनो! म्हणून ओरडतो."

"पण मग लोकांना सांगत का नाही तुम्ही?"

"सांगितलं की! पण तो एजंट माझ्यामागे उभा राहून असं करतो." आजोबांनी कानशिलाजवळ बोट गोल फिरवलं. "त्यानंतर मी कितीही शहाण्यासारखं बोललो, तरी ते वेड्याचंच ठरतं. मग मी ठरवलं, आपलं नुसतं ओरडावं. समजावण्यापेक्षा ओरडायला कष्ट तरी कमी पडतात."

मुलं परत रिकाम्या घरात आली, पण कपाट तिघांकडून इंचभरही हललं नाही. पाल्हाळ लाल झाला, शेपूट जांभळा. कुंपणावरून बघणाऱ्या आजोबांनी मग खिडकीतून साबणाची वडी फेकली. "पायांखाली ओला साबण चोळा! जोर करून कोणी काम करतं का?"

कपाट लोण्यासारखं सरकलं. मागच्या भिंतीला हात लावला तर इतर भिंतींपेक्षा तिथला रंग नवा, आणि वरपासून खालपर्यंत, भेग बुजवायला लांबीचा लगदा भरल्याची फुगीर रेघ. तीच चीर! शंकाने आजोबांनी दिलेली काच त्या रेघेवर आडवी बसवली, खाली तारीख लिहिली, आणि कपाट परत जागेवर ढकललं.

मंगळवारी काच साबूत होती. बुधवारी, गुरुवारीही.

"आजोबा चुकले असतील," पाल्हाळ हिरमुसून म्हणाला.

शंका बाबांचा डबा घेऊन त्यांच्या दुकानात गेली. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बाबा काचा घासत बसत. पाण्याची धार, फिरणारी चकती, त्यावर टेकवलेली काच. आणि आज बाबा चक्क गुणगुणत होते! अकरा महिन्यांत पहिल्यांदा. शंका दारातच थांबली. चीर, पाइप, आजोबा, सगळं जिभेवर आलेलं तिने गिळलं आणि डबा ठेवून परत फिरली. काच तडकली नाही तर बरं, असं तिला वाटलं. तडकली तर बरं, असंही वाटलं. आपल्याला नक्की काय हवंय, ही शंका तिला कोणाला विचारता येईना.

"सांगितलंस?" शेपटाने घरी आल्या आल्या विचारलं.

"ते गाणं म्हणत होते," शंका म्हणाली. शेपूट लहान होता, पण त्याला कळलं.

शनिवारी मात्र एजंटकाका स्वतः आले. पँटचे पाय दुमडलेले, हातात बादली. "उद्या घर आरशासारखं चमकलं पाहिजे! टाकी गच्च भरून घेतलीय."

शंकाने पाल्हाळकडे पाहिलं. पाल्हाळने शेपटाकडे पाहिलं. तिघांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. इतके दिवस या मोरीत पाणी सोडलंच नव्हतं!

"काका, तिकडे डाग राहिलाय!" शंका म्हणाली.

छपाक! एक बादली.

"काका, मोरीत केवढी घाण आहे! शास्त्र असं सांगतं, की घाण काढायला पाण्याचा वेग..."

"शास्त्र राहू दे, बादली दे!" छपाक! छपाक!

"काका, इथे मुंगी आहे!" शेपूट किंचाळला.

"मुंगीला बादली?" एजंटकाकांनी डोळे वटारले, पण तीही ओतली.

इतक्यात पलीकडच्या खिडकीत आजोबांचं डोकं आलं. त्यांनी तोंड उघडलं. शंकाने एजंटकाकांच्या पाठीमागून दोन्ही हात जोडले, मग ओठांवर बोट ठेवलं. आजोबांचा चेहरा लालबुंद झाला, गालांत हवा भरली, मिशा थरथरल्या. पण तोंड मिटलं! "पाहिलंत? म्हातारासुद्धा वठणीवर आला!" एजंटकाका खूश होऊन म्हणाले आणि त्यांनी सगळे नळ सोडून दिले.

रविवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बरोबर मावशी, म्हणजे पाल्हाळची आई होती. एजंटकाकांनी खिडकीच्या कट्ट्यावर कागद पसरले आणि पेनाचं टोपण काढलं.

"बाबा," शंका म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. "सही करायच्या आधी कपाटामागे बघा."

"मुलांचं काय ऐकता!" एजंटकाका पुढे झाले. "ते कपाट चार हमालांनाही..."

तोवर पाल्हाळने साबण काढला होता. कपाट सरकलं. काच मधोमध तडकली होती! खालची लांबीही केसासारखी फाटलेली.

शंकाने एका दमात सगळं सांगितलं.

"अस्सं!" एजंटकाका हसले. "वेड्या म्हाताऱ्याने मुलांना फितवलं! काचेला दगड मारला, की झाली तडकलेली. मी तर हे लहानपणी रोज करायचो!"

बाबांनी खिशातून भिंग काढलं आणि ते भिंतीजवळ वाकले. मोरीतला नळ टपटपत होता.

"मार बसला असता," बाबा सावकाश म्हणाले, "तर एका जागी ठिपका उमटला असता आणि तिथून चारी बाजूंना रेघा फुटल्या असत्या. ही एकच सरळ रेघ आहे, बरोबर चिरेवर. हिला कोणी मारलेलं नाही. ही दोन्हीकडून ओढली जाऊन तुटलीय. साहेब, मी वीस वर्षं काचा घासतोय. माणूस काय सांगेल ते सांगेल, काच खोटं बोलत नाही."

एजंटकाकांचा रुमाल कपाळावरून गळ्यावर, गळ्यावरून मानेवर गेला. "मालक म्हणाले, लांबी भरा... मी तरी काय करणार..."

"पाइप बदलायचा!" दारातून आवाज आला. आजोबा थापी घेऊन उभे होते. "पाया मोकळा करून नीट भरायचा. मग नवी काच लावायची आणि चार महिने थांबायचं. घर वाईट नाहीये. आजारी आहे, आणि तुम्ही आजारी माणसाला पावडर लावून बोहल्यावर उभं केलंत!"

"मालकांना हे सगळं कळवा," बाबांनी कागदांची घडी घालून ते परत दिले. "दुरुस्ती करतील तर चार महिन्यांनी बोलू. नाही तर नाही." मग ते आजोबांकडे वळले. "आजोबा, तुम्हाला कोणी विचारलंच नाही. आमचं चुकलं."

"तुमच्या पोरीने विचारलं की," आजोबा म्हणाले. "पंचेचाळीस वर्षांत माझ्या हाताखाली पन्नास माणसं शिकली. पण कपाटामागे काच लावून आठवडाभर तोंड मिटून बसणारं एकही नव्हतं! आणि हा मुंगीवाला तर मुकादमच होईल!" शेपटाची छाती दोन इंच फुगली. मावशीने तिघांनाही जवळ ओढलं. "आणि मी म्हणत होते, पोरं सुट्टीत नुसत्या उनाडक्या करतायत!"

"ऐक ना," पाल्हाळने घसा खाकरला, "खरं म्हणजे याची सुरुवात अशी झाली, की..."

"घरी जाऊन!" सगळे एकदम ओरडले.

आजोबांनी सगळ्यांना सरबत प्यायला पलीकडे नेलं. शंका मात्र पुढच्या पायरीवर बसून राहिली. थोड्या वेळाने बाबा तिच्याजवळ येऊन बसले. इस्त्रीच्या शर्टाला भिंतीचा चुना लागला होता.

"शब्द मोडला तुमचा," ती म्हणाली. "माझ्यामुळे. वर्ष संपत आलंय."

"शब्द आईला दिला होता. तिने ही भिंत पाहिली असती, तर मला सहीच करू दिली नसती." बाबांनी बाहीवरचा चुना झटकला. "चार महिन्यांनी काच टिकली, तर घ्यायचं ना हे घर? तू जगाला शंका विचारतेस. या घराबद्दल मला एकही विचारली नाहीस. का ग?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. शेपूट मुंगीची गोष्ट परत सांगत होता.

"तुम्ही गाणं म्हणायला लागला होतात," शंका म्हणाली. "म्हणून."

बाबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि वाट पाहिली.

"मला नवीन घर नको होतं, बाबा," ती म्हणाली. आता आवाज तिला नीट ऐकू येत होता. "आपल्या घरात आई ओट्याशी उभी असायची. दारातून हाक मारायची. नव्या घरात ती एकदाही आलेली नसणार. चार महिन्यांनी आपण येऊ इथे, चालेल मला. पण आपण तिच्याबद्दल बोलतच नाही. कोणीच नाही. मला तिची आठवण येते, बाबा. मला रोज आईची आठवण येते."