कूस बदलण्याची वेळ

त्या सोमवारी क्रांती कराडच्या स्टँडवर उतरली आणि आक्कांच्या गावाकडची जीप धरायच्या आधी समोरच्या औषधाच्या दुकानात शिरली. ती जिची सेवा करायची त्या म्हाताऱ्या आक्कांच्या पाठीला लावायची पावडर संपली होती. पौषातली थंडी बोचत होती, माणसं कानटोप्या घालून चहाच्या गाड्यांना बिलगली होती, आणि क्रांतीच्या कानशिलांतून मात्र वाफा निघत होत्या.

"ताई, तोंड लय उतरलंय तुमचं," दुकानदार म्हणाला.

"परवासच तसा झालाय," असं म्हणून तिनं डबा पिशवीत टाकला.

रविवारी ती कवठे महांकाळला आईकडे गेली होती. तिची सात वर्षांची सई तिथंच असते. ताप तिथंच चढला. पहाटे निघताना तिनं कंपनीच्या सुपरवायझरला, शिवतेजला फोन केला होता. बदली माणूस मिळेल का म्हणून.

"ताई, दोघी रजेवर आहेत. आजचा दिवस काढा कसाबसा. उद्या काहीही करून पाठवतो कुणालातरी."

त्याचाही नाइलाज होता, हे तिला माहीत होतं. घरी पडून असलेल्या पेशंटांची सेवा करायला माणसं पाठवणारी ही कंपनी. नवरा गेला तेव्हा क्रांतीला कुणी दारात उभं करत नव्हतं. या लोकांनी तिला सांगलीला नेऊन महिनाभर शिकवलं, अंगावर निळा गणवेश चढवला आणि काम दिलं. त्या उपकाराखातर तिनं दीड वर्षात एक खाडा केला नव्हता.

कामही तिला मनापासून आवडायचं. विजयमाला आक्का तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेल्या. लकव्याचा झटका आला आणि हात, पाय, वाचा, सगळं एकदम गेलं. राहिले फक्त डोळे. ते तेवढे जागे असायचे. दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा. क्रांती एक हात त्यांच्या खांद्याखाली घाली, दुसरा गुडघ्यामागे, आणि लहान पोराला सांगावं तसं सांगे, "आक्का, कूस बदलू या हं. एक... दोन... तीन!" मग पाठीला एक उशी, गुडघ्यांत एक उशी, आणि गालाखाली घडी घातलेला टॉवेल. हे करताना तोंडाचा पट्टा चालूच. सईचा अभ्यास, आईची कंबर, नवऱ्याची आठवण, सगळं आक्कांच्या कानावर घातलेलं.

घर गावापासून आत, चहूबाजूंनी उसात. सून पूजा कराडच्या शाळेत शिक्षिका, ती साडेनऊला जाई. मुलगा जयराज तोडीच्या दिवसांत कारखान्याच्या फेऱ्यांत अडकलेला. वानरं आत शिरतात म्हणून दाराला आतून कडी घालायची. मग दिवसभर त्या घरात दोघीच.

त्या दुपारी बारा वाजता क्रांतीनं आक्कांना खिडकीकडं तोंड करून कुशीवर केलं आणि वहीत वेळ लिहिली. अक्षर वाकडं आलं. बाहेर ऊस अगदी गप्प उभा होता. एक पातं हलत नव्हतं. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास बंद खिडकीतूनही आत येत होता. खोलीत आवाज एकच, आक्कांच्या हवेच्या गादीचा. तिच्या नळ्या आळीपाळीनं फुगत आणि बसत, आणि बसताना लांब उसासा सोडत.

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता. पूजावहिनींना बोलवावं म्हणून क्रांती उठली, आणि खोली तिच्याभोवती गरकन फिरली.

पडली ती खाटेच्या पायथ्याशी, उताणी.

शुद्ध पुरती गेली नव्हती. वरचा पंखा दिसत होता, त्याच्या पात्यावरची धूळ दिसत होती. हात उचलावा म्हटलं तर हात उचलेना. हाक मारावी तर जीभ टाळ्याला चिकटलेली. आणि पोटातून काहीतरी ढवळून वर यायला लागलं. सांगलीला पहिल्याच आठवड्यात घोकून घेतलेलं होतं... माणूस उताणं असताना उलटी झाली, तर ती श्वासात जाते. मिनिटांचा खेळ असतो. फक्त कुशीवर वळायचं होतं. एवढंच. आणि तेवढंच तिला जमत नव्हतं. आक्का तीन वर्षं कशात पडून आहेत, हे तिला त्या घडीला कळलं.

सई... एवढंच तिच्या मनात आलं.

तेव्हा गादीनं उसासा सोडला.

नेहमीचा नव्हता तो. लांबच लांब, पोटातून सोडल्यासारखा. आक्कांना अंघोळीला उचलून घेतलं की मोकळी झालेली गादी तसा आवाज करते.

मग खाटेचं लोखंड करकरलं.

मग फरशीवर काहीतरी टेकलं... टप्प. आणि त्याच्यामागून घासत आलेलं... फस्स.

टप्प... फस्स.

मध्ये बराच वेळ काहीच नाही. जणू दम खात असावं. पुन्हा टप्प... फस्स... डोक्याच्या दिशेनं. पावडरीचा वास जवळ आला. वर पाहायची क्रांतीची छाती झाली नाही. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

खांद्याखाली एक हात शिरला. थंड, वाळक्या काटकीसारखा. दुसरा गुडघ्यामागे. तिला शिकवला होता अगदी तसाच, तळहात वर करून.

आणि कानाशी कुणीतरी बोललं. वर्षानुवर्षं न उघडलेल्या दाराची बिजागरी बोलावी तसं.

"एक..."

"...दोन..."

तीन तिला ऐकू आलं नाही.

दारावर थापा पडत होत्या, तेव्हा तिचे डोळे उघडले. उन्हं कलली होती. "क्रांतीताई! अहो ताई! कडी काढा!" पूजाचा आवाज रडवेला झाला होता.

क्रांती डाव्या कुशीवर होती. तोंडातून आलेलं सगळं बाजूच्या फरशीवर गेलं होतं. पाठीला उशी होती. गुडघ्यांत उशी होती. गालाखाली टॉवेल, चौपदरी घडी घातलेला.

तिनं मान वळवली. खाटेवर आक्का होत्या, पण त्यांच्या अंगाखाली एकही उशी नव्हती. बाराला खिडकीकडं केलेलं त्यांचं तोंड आता खोलीकडं होतं, थेट तिच्याकडं. डोळे उघडे. दुलई घोट्याच्या वर सरकली होती. तीन वर्षं जमिनीला न लागलेले ते तळवे लोण्यासारखे मऊ आणि पांढरे असत. रोज तीच तेल लावायची.

आज ते धुळीनं काळे होते.

भिंतीच्या आधारानं जाऊन क्रांतीनं कशीबशी कडी काढली. तोवर ती आतून जशीच्या तशी लागलेली होती.

जयराजनं तिला गाडीत घालून कराडला नेलं. डेंग्यू निघाला, रक्तदाब पार तळाला गेलेला. डॉक्टर दुसऱ्या दिवशी म्हणाले, "उताण्याच राहिला असतात तर आपण आज बोलत नसतो. तुम्हाला कुशीवर केलं कुणी? ज्यानं केलं त्याला हात जोडा."

पूजा आणि जयराज शेजारीच उभे होते. मग पूजा हळूच म्हणाली, "आमच्या आक्कांनी आजेसासूबाईंचं अकरा वर्षं केलं होतं हो... अंथरुणात."

दवाखान्यात शिवतेज दोनदा येऊन गेला. मान खाली घालून म्हणाला, "चूक झाली ताई. दुसरं घर देतो तुम्हाला."

"न्हाई," क्रांती म्हणाली. "आक्कांकडंच पाठवा मला."

पंधरा दिवसांनी ती परत गेली. दाराची कडी घातली. खोलीत पाऊल टाकताना तिला भीती वाटली, खोटं कशाला बोला. गादी उसासे सोडत होती. ती खाटेशी गुडघ्यांवर बसली.

"आक्का... तुमीच व्हय?"

आक्कांनी तिच्याकडं पाहिलं. पापणी हलली नाही, बोट हललं नाही. डाव्या डोळ्यातून एक थेंब नाकावरून घरंगळला, तेवढाच. क्रांतीनं त्यांच्या तळव्यांवर कपाळ टेकलं आणि पोटभर रडली. भीती त्या रडण्यात वाहून गेली असं तिला वाटलं. पोरीला आई राहिली, ती या पायांमुळं. त्यानंतर तिनं आक्कांची सेवा केली ती देवाची करावी तशी.

शिमग्याच्या आधी चार दिवस आक्का झोपेतच गेल्या. शेवटची अंघोळ पूजानं क्रांतीच्याच हातून घालून घेतली.

कंपनीनं आता तिला कवठे महांकाळातच काम दिलं आहे. सई रोज रात्री तिच्या कुशीत असते. याहून जास्त तिला काही नको. पेशंट म्हणजे बाळासो, निवृत्त सुभेदार. मांडीचं हाड मोडलंय, पण बुद्धी लखलखीत, नजर चांगली. पहिल्याच दिवशी दुपारी तिनं त्यांचं अंग पुसलं, अंथरूण झटकलं. बाहेर ऊन रणरणत होतं, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. सुभेदार बराच वेळ दाराकडं बघत होते.

"बाई, तुमच्या कंपनीनं आता दोघी दोघी पाठवायला सुरुवात केली व्हय?"

"न्हाई ओ. मी एकटीच हाय."

"मग त्या म्हाताऱ्या बाई कोण? सकाळी तुमच्या मागनंच आल्या की. तवापासनं उंबऱ्यात उभ्या हायत."

क्रांतीनं दाराकडं पाहिलं. उंबऱ्यावर नुसतं ऊन पडलं होतं. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी डोळेही भरून आले.

"त्यास्नी जरा बसायला द्या की," सुभेदार आवाज खाली आणून म्हणाले. "मघाधरनं चालायला बघत्यात... नुकतं चालायला शिकल्यागत. एक पाय टाकत्यात, आन् तुमच्याकडं बघून हासत्यात."