आतली ओढ

१९९९ चा मे महिना. वालीवच्या माझ्या शेडमध्ये आम्ही दगड कापून बघत असू. खाणीत लागणारी पोलादी टोकं बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी हे काम चाललं होतं. मशीनला टूल, म्हणजे कापायचं टोक, लावायचं, खाली दगडाचा ठोकळा आवळून बांधायचा आणि कापताना टूलवर किती जोर येतो ते कागदाच्या पट्टीवर पेनाने उमटू द्यायचं. काप खोल घेतला की जोर वाढतो. टूल झिजलं की आणखी वाढतो, कारण बोथट टोकाला दगड वर ढकलत राहतो. हे ढकलणं आम्ही वेगळं मोजायचो.

मशीन फ्रेडरिक चालवायचा. गिरीज गावात त्याची केळीची वाडी होती. टँकरवाल्यांनी आजूबाजूचं पाणी उपसायला सुरुवात केल्यापासून विहीर आटली होती, म्हणून त्याचा धाकटा भाऊ सॅन्टन खाली उतरून तळाचा दगड फोडत होता. ड्रिलची टोकं भराभर गुळगुळीत होत होती. कुठलं टोक टिकेल ते कळावं, म्हणून फ्रेडरिक तिथलाच एक ठोकळा घेऊन आला. काळा, बारीक कणांचा. उन्हातून आणला तरी हाताला गार लागत होता.

पहिले काप नेहमीसारखे गेले. जेवणानंतर आम्ही झिजलेलं टूल लावलं आणि खोली वाढवली. पेन वर जायला हवं होतं. ते खाली आलं. करकर थांबली आणि ओल्या साबणातून तार जावी तसा आवाज यायला लागला. आणखी खोली दिली. पेन शून्याच्या रेषेला टेकलं आणि रेषा ओलांडून खाली गेलं.

म्हणजे दगड टूलला ढकलत नव्हता. आत ओढत होता.

मी वायरी तपासल्या. दुसरा दगड बांधून पाहिला, तर सगळं जसं यायला हवं तसंच आलं. पुन्हा तो ठोकळा बांधला. पेन पुन्हा खाली. फ्रेडरिकने मशीन बंद केलं. टूल दगडात थांबलं, पण पेन थांबलं नाही. ते सावकाश खाली सरकत राहिलं.

फ्रेडरिकने खिशातून स्कूटरची किल्ली काढली. मग तो म्हणाला, "मॅडम, सॅन्टन आता खालीच असेल."

त्याच्या स्कूटरवर आम्ही गिरीजला गेलो. सॅन्टनची बायको आल्बिना विहिरीच्या काठावर बसली होती. डिझेल संपून ड्रिल चालवणारा कॉम्प्रेसर सकाळीच बंद पडला होता, पण नवरा वर येत नव्हता. जेवायलाही आला नाही, असं तिने सांगितलं.

मी वाकून पाहिलं. तळाशी सॅन्टन ड्रिलवर दोन्ही हात टेकून उभा होता. ड्रिल मुठीपर्यंत दगडात गेलं होतं.

फ्रेडरिकने हाक मारली. दुसऱ्या हाकेला त्याने मान वर केली. चेहरा शांत होता.

"दाबावं लागत नाय आता," तो म्हणाला. "आपसूक जाते."

फ्रेडरिक दोर घेऊन खाली उतरला. सॅन्टनच्या कमरेला दोर बांधला आणि वरून आम्ही दोघींनी शेजाऱ्यांना बोलावून ओढायला घेतलं. तो किडकिडीत माणूस, पण दोर हातातून सुटायची वेळ आली. मग एकदम हलका झाला आणि वर आला. अनवाणी. कॅनव्हासचे बूट खालीच राहिले होते. त्याच्यामागून फ्रेडरिकही वर आला.

तो पाणी प्यायला, जेवला. त्याला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही परत विहिरीत पाहिलं. ड्रिल नव्हतं, बूट नव्हते. तळ सपाट होता.

मी ठोकळा टूलसकट विहिरीत टाकायला लावला. फ्रेडरिकने वर स्लॅब ओतून घेतला. कारखान्याला मी कळवलं की नमुना सदोष होता.

दिवाळीनंतर एका रविवारी आल्बिनाचा फोन आला आणि मी गिरीजला गेले. सॅन्टन चर्चमध्ये मिस्सेला गेला होता, आणि म्हणूनच तिने मला त्याच वेळी बोलावलं होतं. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली आणि खाटेवरची लोंबती चादर वर केली.

खाटेचे पाय शहाबादी फरशीत बोटभर उतरले होते. कडेला तडा नव्हता. चुराही नव्हता. फरशीत लाकूड उगवलं असावं, असं दिसत होतं.

खाट दुसरीकडे हलवा, असं मी म्हटलं. तिने भिंतीलगतची जुनी भोकं दाखवली. खाट आधी तिथे होती.

"तो उठून बसतो ना सकाळी," ती म्हणाली, "ते बघा."

खाटेच्या कडेला फरशीत दोन उथळ पावलं होती. अंगठ्यांचे ठसे जास्त खोल होते.

त्यांच्या शेजारी आणखी दोन होती, लहान, जेमतेम दिसतील अशी. मी आल्बिनाकडे पाहिलं. तिने चप्पल काढली आणि आपलं पाऊल त्यातल्या एकावर ठेवलं.

ते नेमकं बसलं.