झिम्नो मी

मोबाइल खिशात टाका आणि सरकून बसा. अल्तमशचा व्हिसा आला, पेढे वाटून झाले, कालपासून त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत. चांगली गोष्ट आहे. पण निघायच्या आधी त्याने आपल्या सुलतानपूरच्या इंद्रभानचं ऐकून जावं. इकडून तिकडून आलेली गोष्ट नाही ही, इंद्रभानने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहे. आणि माणूस असा, की कोणाच्या अंगात आलं की हा तोंड फिरवून हसायचा. भूतबीत त्याने कधी मानलं नाही. आताही मानतो असं म्हणत नाही.

त्याचा पोरगा प्रसेनजित. आयटीआय केलेला, लाजाळू, जालन्याच्या पुढे कधी एकटा गेलेला नाही. त्याला पोलंडमधल्या एका गोदामात काम लागलं. आपल्या गावातून साता समुद्रापार जाणारा पहिलाच पोरगा. फाट्यावर हा मोठा फ्लेक्स लागला. मुंडकं प्रसेनजितचं आणि खालचा कोट-टाय कोणा दुसऱ्याचाच, तरी इंद्रभान रोज संध्याकाळी काही काम नसताना फाट्यावर जाऊन तो फ्लेक्स पाहून यायचा. हसू नका. ज्याच्या बापाला उभ्या जन्मात कोणी खुर्ची दिली नाही, त्याला पोराचा फोटो खांबावर चढलेला पाहून काय वाटत असेल ते त्यालाच ठाऊक.

पोरगा डिसेंबरात गेला आणि आठ दिवसांतच फोनवर रडायला लागला.

"बाबा, इथं साडेतीनले अंधार पडते. बसमंधी कोनी कोनाशी बोलत नाही. आईनं देल्ले लाडू शेजारच्याले द्याले गेलो, दार वाजवलं, तं तो घाबरून बाहीर आला. काही पेटलं काय म्हने. मंग दार लावून घेतलं. इथं सांगितल्याबिगर कोनाचं दार वाजवत नाहीत म्हने."

"मंग नको वाजवू."

"मले करमून नाही राह्यलं, बाबा. दिवसभर तोंडातून एक शब्द निंघत नाही. येऊ काय परत?"

रुखमाबाई, त्याची आई, शेजारीच उभी होती. तिने फोनसाठी हात पुढे केला. इंद्रभानने दिला नाही.

"फाट्यावर फ्लेक्स लागला तुहा," तो म्हणाला. "आता कोन्या तोंडानं येतं? तिथलं बोलनं शिक. आन रडाचंच असंल तं त्याइच्या भाषेत रड. मले समजनार नाही, म्हंजे माह्या डोक्याले तापबी नाही."

बोलून गेला. बाप लोक बोलतात असं, आणि वर म्हणतात पोराच्या भल्यासाठी बोललो. त्यानंतर प्रसेनजितचे फोन कमी झाले. इंद्रभान सगळ्यांना सांगत सुटला, पोरगा रुळला म्हणून.

आता ती रात्र. दोन हजार पंचवीसचा फेब्रुवारी, बारा तारीख, बुधवार. माघ पौर्णिमा होती, रस्त्यावर पडलेली सुई दिसावी असं चांदणं. शेतीची लाइन रात्री बाराला येणार होती आणि गव्हाला पाणी द्यायचं होतं. इंद्रभान बॅटरी घेऊन मेहकर रस्त्याने शेतात गेला, मोटार चालू केली, पाण्याचे बारे धरले. मग वारं बोचायला लागलं म्हणून मोटारीच्या खोलीत शिरला, पत्र्याच्या दाराला आतून कडी लावली आणि पोत्यावर आडवा झाला. असं त्याने शंभर वेळा केलं असेल.

दीडच्या सुमाराला लाइन गेली. मोटार थांबली.

सगळं गप्प झालं. रातकिडेसुद्धा.

मग बाहेर पावलं वाजली. मातीवर वाजतात तशी नाही... जाड्या मिठावरून कोणी चालत यावं, तशी. कुर्र... कुर्र... दारापाशी आली. थांबली.

दारावर थाप पडली.

"कोन हाय?"

नुसता दात वाजल्याचा आवाज. कडकड... कडकड...

"कोन हाय बे?"

"झिम्नो मी..."

इंद्रभान उठून बसला. पहिला शब्द त्याला कळला नाही. पण 'मी' कळला. आणि आवाज कळला. स्वतःच्या पोराचा आवाज कोणाला कळत नाही?

"प्रसेनजित?"

"झिम्नो मी... झिम्नो मी..."

दाराखाली चार बोटं फट होती. तिच्यातून चांदणं आत आलं होतं. अखंड, सरळ. मधे पायांची सावली नव्हती. हे त्याने पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा त्याच्या डोक्यात शिरला नाही. कारण डोक्यात एकच गोष्ट होती. पोरगा पळून आला. न सांगता, रातोरात तोंड लपवत आला, आणि वरून बापाला तिकडची भाषा ऐकवतो आहे. उद्या सकाळी फाट्यावरून कसं जायचं?

तोवर तो दाराशी गेला होता, त्याचा हात कडीवर होता. हे तो स्वतः सांगतो. हात कडीवर होता.

"पळून आला काय?" तो आतून म्हणाला. "मंग इथं कायले आला? परत जाय."

दातांचं वाजणं थांबलं.



मग पावलं. कुर्र... कुर्र... लांब जात जात...

त्याने दार उघडलं. रस्ता दूरवर पांढरा दिसत होता. कोणी नव्हतं.

सकाळी फोन आला. तिकडचा कोणी हिंदी बोलणारा माणूस होता. रात्री काम सुटल्यावर प्रसेनजितची बस चुकली, तो बर्फातून पायी निघाला, दमून एका थांब्यावर बसला आणि तिथेच गोठला. ते रात्री नऊच्या सुमाराला, आणि तिकडे नऊ म्हणजे आपल्याकडे दीड. थांब्याच्या मागेच घरं होती. खिडक्यांत दिवे होते, लोक जेवत होते. पोराने एकाही घराचं दार वाजवलं नाही.

इंद्रभान त्या रात्रीबद्दल कोणाला काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पोरीला, अश्विनीला, बाजूला बोलावलं.

"झिम्नो मी म्हंजे काय व?"

"तुमाले कोठून भेटला हा शब्द?"

"तू पाह्य ना मोबाइलात."

तिने मोबाइलात पोलंडची भाषा लावली आणि फोन त्याच्या तोंडासमोर धरला. तो बोलला. क्षणभराने मोबाइलमधली बाई शुद्ध मराठीत म्हणाली, "मला थंडी वाजते आहे."

रुखमाबाई दारात उभी होती. तिने विचारलं, "कवा म्हनला तो हे?"

मग त्याला सांगावं लागलं. सगळं. कडीवरचा हात, आणि आपण काय बोललो तेही. तिने ऐकून घेतलं. त्या दिवसापासून ती इंद्रभानशी एक शब्द बोललेली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, पण बोलत नाही. पेटी आली, गाव लोटलं, फाट्यावर त्याच खांबावर तोच फोटो श्रद्धांजलीचा म्हणून लागला, तेव्हाही ती त्याच्या बाजूला उभी राहिली नाही. इंद्रभानने हातोड्याने मोटारीच्या खोलीच्या दाराची कडी काढून टाकली. आता ते दार रात्रंदिवस उघडं असतं. कोणी आलेलं नाही.

एवढंच असतं तर म्हटलं असतं, बापाच्या मनाचे खेळ. पण मे महिन्यात, पत्र्यावर पापड भाजावा अशा उन्हात, रुखमाबाई शेतात गेली होती. वाऱ्याने मिटलेलं ते दार लोटायला तिने बाहेरून हात लावला. सगळा पत्रा चटके देत होता. खांद्याच्या उंचीवर एक जागा मात्र थंडगार. तिने बोटांनी चाचपून पाहिलं. पाच बोटं, तळवा. पुरा पंजा.

अश्विनीने हात लावून पाहिला. आणखी दोघा-तिघांनी पाहिला आणि परत त्या वाटेला गेले नाहीत. अल्तमश, तुलाही पाहायचं असेल तर दुपारी जा, रुखमाबाई तिथेच भेटेल. रोज जाते. पंजा तिच्या हातापेक्षा मोठा आहे, म्हणून दोन्ही तळवे ठेवून उभी राहते, ऊन कलेपर्यंत. अजून ती जागा गरम झालेली नाही.