न दिसणारी अरण्यानी

नुसत्या आवाजाच्या प्रेमात पडतं का गं कुणी? ती पडली. तेही सकाळी सकाळी, पहिला चहा घ्यायच्या आधी.

मावशीच्या स्टुडिओत ती वेदातली सूक्तं म्हणणाऱ्या एका गुरुजींचं रेकॉर्डिंग करायची. त्या दिवशी उशिरा पोचली, तर मावशी म्हणाली, "गुरुजींचा घसा बसलाय. भाच्याला पाठवलंय, आत उभा केलाय. तासाभरात त्याची गाडी आहे, लवकर उरक." आत म्हणजे जुनी अडगळीची खोली... मध्ये जाड भिंत, काचबीच काही नाही. बोलायचं ते हेडफोनमधूनच.

तिनं बटण दाबलं. "कुठलं सूक्त?"

"अरण्यानीचं. ऋग्वेदातलं."

आणि तो म्हणू लागला. काय आवाज... संथ, खोल, उन्हात तापलेल्या दगडासारखा ऊबदार. पहिल्याच फटक्यात एकदम स्वच्छ. आता 'ओके' म्हटलं की हा चालला. उद्यापासून पुन्हा गुरुजी.

"परत घेऊ या," ती म्हणाली. "कागद वाजला."

दुसऱ्यांदा म्हणे बाहेर हॉर्न वाजला. मग जरा धीट होऊन तिनं विचारलं, "ही अरण्यानी कोण हो?"

"रानाची देवी. दिसत नाही कुणाला, नुसती ऐकू येते. संध्याकाळी रानात वाटतं, कुणी गाईला हाक मारतंय, कुणी लाकूड तोडतंय... ती तीच. नांगर न धरता पोटभर खायला घालते. हरणांची आई आहे."

"एकटीच राहते?"

"ऋषीही तेच विचारतात. गावाची वाट विचारत नाहीस, भीती नाही वाटत? आणि गंमत म्हणजे, अख्ख्या सूक्तात मागणं एकही नाही. नुसतं कौतुक."

"मला आवडली ती," ही हळूच म्हणाली. "...परत घ्यायचं? खुर्ची करकरली."



"मी उभा आहे," तो म्हणाला. "इथं खुर्चीच नाही."

मेलीच ती. कानशिलं तापली. आता खोटं रेटायचं, की... गाडीची वेळ तर होत आलेली. तिनं डोळे गच्च मिटून बटण दाबलं.

"पहिलंच चांगलं झालं होतं. तुम्ही निघून जाल म्हणून... थांबवत होते."

पलीकडे दार वाजलं, मग साधा श्वाससुद्धा ऐकू येईना. गेला, तिला वाटलं. न बोलता गेला.

तेवढ्यात तिच्याच खोलीचं दार ढकललं गेलं. दारात एक किडकिडीत मुलगा, केस विस्कटलेले, हेडफोन गळ्यात तसाच. तिच्याकडे बघत राहिला... बघतच राहिला.

"गाडी?" तिच्या तोंडून कसंबसं एवढंच आलं.

"दुसरी आहे संध्याकाळी." मग जरा हसून म्हणाला, "ऋषी थोर होते. ती दिसली नाही, तरी सूक्त रचून गप्प बसले. मला नाही जमलं."