कर्टनं चिकटवलेला तुकडा

“बाजूला हो, मार्लिस!”

म्हाताऱ्या आर्लेननं लेथच्या बटणाकडे हात नेला, आणि मार्लिस धावत जाऊन मध्येच उभी राहिली. बाहेर मिनेसोटाचा बर्फ भुरभुरत होता, पण गॅरेजात तिला दरदरून घाम फुटला होता. बापाच्या हातात तिच्या भावानं, कर्टनं, चिकटवलेला शेवटचा तुकडा होता... तांबडा, पांढरा, करडा! ओटे बसवताना उरलेल्या कृत्रिम दगडाच्या पट्ट्या चिकटवून, लेथवर कातून त्यांची पेनं करायची, हा आर्लेनचा आयुष्यभराचा नाद. चर्चच्या बाजारात ती हातोहात खपायची.

“आज त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या हातच्या तुकड्याचं पेन मला हवंय!”

पट्ट्यांची गुळगुळीत अंगं आधी पॉलिश पेपरनं खरवडायची, स्पिरिटनं पुसायची, मग गोंद लावून शिकंज्यात बेतानं धरायची... कर्टला कुठली एवढी सबुरी! तो गुळगुळीत अंगावरच गोंद ओतायचा आणि शिकंजा असा करकचून आवळायचा की गोंद सगळा बाहेर. त्याचा असाच एक तुकडा लेथवर फुटला आणि आर्लेनचा उजवा डोळा गेला.

“मार्लिस, बाबांना सांगू नकोस गं...” भावाचे तेव्हाचे शब्द! “मी चिकटवला होता,” असं तिनं बापाला सांगून टाकलं. त्याच हिवाळ्यात, बाप इस्पितळात असतानाच, गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ कर्टच्या पायाखाली फुटला. मेलेल्या लेकाचं नाव बापापाशी कसं काळं करायचं? डोळ्याचा दोष तिनं आपल्याच माथी राहू दिला. बापाला सोडून ती जाईना, तेव्हा वाट पाहून कंटाळलेला तिचा ठरलेला नवरा लोवेल दुसरीकडे लग्न करून मोकळा झाला. बाप तिच्या हातचं जेवायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. आणि रिकाम्या गॅरेजातून कधीकधी शिकंजा आवळल्याची कुरकुर यायची... ती धावत जाऊन बघायची, तर खिळ्यावर कर्टची टोपी तेवढी हलत असायची.

“बाबा, तो नको! तो... तोही मीच चिकटवलाय.”

“खोटं! माझ्यासमोर चिकटवला त्यानं. इथंच, शीळ घालत.”

“तरी नको हो! एकच डोळा उरलाय तुमचा...” आणि गुपित फुटलं हे कळून तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

आर्लेन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं तो तुकडा बाकाच्या कडेवर आपटला. तुकडा सांध्यातून सरळ उकलला. आतली अंगं चकचकीत होती.

“डोळा घेतला तो तुकडाही असाच होता,” तो पुटपुटला. “इस्पितळातून आल्यावर केर काढताना सापडला. तू न खरवडता कधी गोंद लावला नाहीस, पोरी. मला तेव्हाच कळलं होतं.”

“कळलं होतं? आणि तरी सहा वर्षं...!”

“कर्ट तळ्यात गेला होता गं! मेलेल्या पोरावर कसा रागावू? तू समोर होतीस... जिवंत होतीस. हा तुकडा टिकला असता, तर चूक त्याची नव्हतीच, असं तरी म्हणता आलं असतं.”

“माझी सहा वर्षं द्या परत!” ती किंचाळली. आर्लेन रडत होता, त्या गेलेल्या डोळ्यातूनही पाणी वाहत होतं.

डोळे पुसून त्यानं पॉलिश पेपर फाडून अर्धा तिच्यापुढे धरला. तिनं तो लगेच घेतला नाही. मग घेतला. दोघांनी मिळून कर्टच्या पट्ट्या खरवडल्या, पुसल्या, गोंद लावला.

“शिकंजा तू आवळ,” तो म्हणाला. “कुठं थांबायचं, ते मला कधी कळलंच नाही.”

गोंदाची बारीक कड दिसताच ती थांबली. तिचा हात शिकंज्यावरून निघाला होता, तरीही कुठंतरी कुरकुर झाली... आणि तिच्याआधी आर्लेननंच दचकून खिळ्यावरच्या टोपीकडे पाहिलं.

“तुम्हालाही ऐकू येतं, बाबा?”

“रोज,” तो म्हणाला, आणि त्यानं तिचा हात धरला.